नातवाचा नकाशा

नकाशा हा माझ्या पोटापाण्याचा विषय. १९७४ साली मी धानोऱ्याला भूगोलाचा मास्तर म्हणून रुजू झालो, तेथून एटापल्ली, अहेरी असे मुक्काम करीत १९९३ साली चंद्रपुरास आलो आणि २००८ साली निवृत्त झालो. या चौतीस वर्षांत पोरांपुढे किती वेळा नकाशा उलगडला आणि किती वेळा गुंडाळला याची मोजदाद करणे कठीण आहे. कापडावर चिकटवलेला तो थोरला नकाशा, त्याचे वरखालचे काळे लाकडी दांडे, भिंतीवरची खुंटी आणि हातातली छडी, एवढ्या भांडवलावर मी संसार केला, मुलाला शिकवले आणि घर बांधले. अजूनही कोणी घराचा पत्ता विचारला तर मी "प्रथम तोंड उत्तरेकडे करा," अशी सुरुवात करतो. मग आमची ही पदराला हात पुसत बाहेर येते आणि "जटपुरा गेटातून आत या अन् कोणालाही मास्तरांचं घर विचारा," असे सांगून त्या गृहस्थाची सुटका करते.

अशा माणसाच्या नातवाने नकाशात नापास व्हावे, यापरते दुर्दैव कोणते? गेल्या वर्षीची गोष्ट. नववीतल्या आमच्या नातवाने घटक चाचणीत वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम चक्क नागपूरच्या वर नेऊन ठेवला. या दोन नद्या आमच्याच मुलखात, चपराळ्याजवळ, एकमेकींना भेटतात आणि प्राणहिता हे नाव घेऊन गोदावरीकडे निघतात, हे मी त्याच्या बापाला तो बोबडे बोलत होता तेव्हापासून सांगत आलो आहे. उत्तरपत्रिका पाहून मला शब्द सुचेना. सूनबाई बँकेतून दमून आलेली. ती म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच बघा त्याच्याकडे."

मी बघायला गेलो. चिरंजीवांचे चिरंजीव कानांवर ते मोठाले डबे चढवून संगणकापुढे बसले होते आणि खिंड लढवीत असल्यासारखे ओरडत होते, "लाँगला दोन! मिड मोकळं आहे! टनेलमधून येऊन राहिले, अरे टनेलमधून!"

"काय करून राहिला?" मी विचारले.

"मॅच आहे, आजोबा. एकच मिनिट."

ते एक मिनिट वीस मिनिटे चालले. या खेळात मध्येच उठता येत नाही म्हणे, कारण पलीकडे चार भिडू अडकून पडलेले असतात. डबे खाली ठेवल्यावर मी उत्तरपत्रिका पुढे केली आणि म्हणालो, "भूगोल शिकवणाऱ्याच्या घरात तुला नकाशा येत नाही!"

त्याला खरोखरच वाईट वाटले. तो म्हणाला, "येतो ना, आजोबा. आमच्या टीममध्ये सगळ्यांत पक्का मॅप माझाच आहे."

"कशाचा?"

"डस्ट टूचा."

"कुठे आले ते?"

"कुठे नाही. गेममध्येच आहे."

आता माझी पंचाईत झाली. मी ज्याला नकाशा म्हणतो तो कागदावर असतो आणि ज्या भूमीचा तो असतो ती भूमी कागदाबाहेर असते, हे भूगोलाच्या पहिल्या धड्यातले सत्य. नातवाच्या बोलण्यात मात्र ती गल्लीबोळांची भूमी म्हणजेच 'मॅप'. तिच्यात तो उतरतो, धावतो, मरतो आणि पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो. वरून पाहायचा नकाशा पडद्याच्या कोपऱ्यात एका बशीएवढा असतो खरा, पण खेळणाऱ्याला समोर तेवढेच दिसते जेवढे त्याच्या डोळ्यांना दिसावे. भिंतीपलीकडे काय आहे ते ठाऊक असावे लागते.

मी म्हणालो, "येतो ना? मग काढून दाखव." जुन्या दिनदर्शिकेचे पान उलटे करून त्याच्यापुढे टाकले. शिक्षकी डाव होता. मला वाटले होते, आता पोरगा पेन्सिल चावीत बसेल.

त्याने दहा मिनिटांत ते गाव काढले. आधी भिंती, मग दरवाजे, मग चढउतार. कोणती गल्ली किती रुंद, कोठे पेट्या रचलेल्या, कोठे मोटार उभी, कोणत्या दारातल्या फटीतून पलीकडचा माणूस क्षणभर दिसतो, सगळे जागच्या जागी. त्याने काढलेला आराखडा संगणकावरच्या आराखड्याशी मी ताडून पाहिला. अंतरांचे प्रमाणसुद्धा फारसे चुकले नव्हते. चौतीस वर्षे मी पोरांकडून पातळ कागद ठेवून महाराष्ट्राची सीमा गिरवून घेतली. न पाहता असा नकाशा काढणारे पोर मला त्या काळात भेटल्याचे आठवत नाही. लाल पेन्सिल खिशातच राहिली.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा योद्धा अजून अवतरला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खेळाचे नाव काउंटर-स्ट्राइक. पाच गडी एका बाजूला, पाच दुसऱ्या. एका बाजूने बॉम्ब घेऊन यायचे आणि 'ए' किंवा 'बी' या ठरलेल्या दोन जागांपैकी एका जागी तो ठेवायचा. दुसऱ्या बाजूने त्यांना रोखायचे. बॉम्ब लागलाच तर ४० सेकंदांत फुटतो, तेवढ्यात तो निकामी करायचा. डस्ट टू हे त्यातले सर्वांत गाजलेले गाव. वाळवंटातले, पिवळ्या भिंतींचे. डेव्ह जॉन्स्टन नावाच्या एका इंग्रज तरुणाने ते २००१ साली रचले. २०१७ साली त्याची रंगरंगोटी आणि डागडुजी झाली, पण रस्त्यांची मूळ बांधणी जवळपास तशीच राहिली. पाव शतक झाले तरी पोरे त्याच गल्ल्यांतून धावत आहेत.

ते का, हे नातवाने मला एका वाक्यात सांगितले. "आजोबा, दोन्ही टीम धावत सुटल्या ना, तर लढाईच्या जागी जवळपास एकाच वेळी पोचतात."

हे वाक्य मी रात्री अंथरुणावर पडून घोळवीत राहिलो. रचणाऱ्याने अंतरे पावलांनी मोजली नव्हती, सेकंदांनी मोजली होती. रस्ते वेगळे, चढउतार वेगळे, पण कोणावर अन्याय नको. शिवाय बारा डाव झाले की मध्यंतर होते आणि बाजू बदलतात. राखणारे चढाईला जातात, चढाई करणारे राखणीला बसतात, आणि तेरा डाव जो आधी जिंकेल तो विजयी. लहानपणी आम्ही देवळाच्या फरशीवर कोळशाने रेघा मारून वाघ-बकरी खेळायचो. त्यातही एक डाव वाघ व्हायचे आणि दुसरा डाव बकऱ्या, नाही तर भांडण ठरलेले. म्हणजे न्यायाची कल्पना जुनीच होती, फरशी तेवढी नवी.

हे सगळे मला पटले असे मी कबूल करतो आहे, पण त्या वेळी घरात कबूल केले नव्हते. कारण माझा खरा आक्षेप निराळाच होता.

आमचा मुलगा पोलीस खात्यात आहे आणि त्याची नेमणूक गडचिरोली जिल्ह्यात, भामरागडच्या बाजूला, जंगलातल्या एका पोलीस मदत केंद्रावर आहे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाचा स्फोट होऊन १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक असे सोळा जण गेले. मुलगा त्या दिवशी दुसऱ्याच टोकाला होता. पण हे आम्हांला संध्याकाळी कळले. दुपारपासून संध्याकाळपर्यंत या घरात काय झाले ते मी लिहिणार नाही. नातू तेव्हा आठ वर्षांचा होता. तो टेलिफोनपाशी जमिनीवर बसून होता आणि आजीने पुढे केलेला भात त्याने शिवलासुद्धा नव्हता, एवढेच सांगतो.

अशा घरात बॉम्ब ठेवण्याचा खेळ! त्या बॉम्बची टिकटिक सुरू झाली की सूनबाई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते, हे मी पाहिले होते. म्हणून एके दिवशी मी नातवाला आवाज न चढवता विचारले, "दुसरा कोणताही खेळ खेळ. क्रिकेट खेळ, फुटबॉल खेळ. हाच कशाला?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, मी डिफ्यूज करतो. किट असलं तर ५ सेकंद लागतात, नसलं तर १०. टीममध्ये शेवटी मीच जातो."

"आणि मध्यंतरानंतर?"

"मध्यंतरानंतर मलाच लावावा लागतो." तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "तेव्हा कळतं, ते कुठून कुठून येतात."

मी उठून आलो. त्यानंतर त्या खेळाविषयी मी बोललो नाही. रात्री दहानंतर खेळायचे नाही, एवढा एक नियम मात्र ठेवला.

बोलणे थांबले आणि ऐकणे सुरू झाले. संध्याकाळी मी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसू लागलो. पहिल्यांदा माझे लक्ष गेले ते नावांकडे. त्या गावातल्या प्रत्येक कोपऱ्याला नाव आहे आणि पुष्कळशी नावे खेळणाऱ्यांच्या तोंडून रूढ झालेली आहेत. लांबचा रस्ता तो 'लाँग', खोलगट जागा ती 'पिट', एका भिंतीवर हंसाचे चित्र म्हणून तो कोपरा 'गूस'. कोण कोठे आहे हे भिडूला एका श्वासात कळले पाहिजे, म्हणून नाव शक्यतो एका शब्दाचे. ज्याला नावे येत नाहीत त्याला कोणी संघात घेत नाही.

हे ऐकताना मला धानोऱ्याचे दिवस आठवले. तेथे मी नवीन असताना एका विद्यार्थ्याचा बाप, गोंड गृहस्थ, मला जंगलातून पायवाटेने शेजारच्या गावी घेऊन गेला होता. माझ्या पिशवीत सर्वेक्षण खात्याचा एक इंच म्हणजे एक मैल असा नकाशा होता, आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. तो गृहस्थ मात्र पन्नास पावलांवर थांबे आणि एकेक नाव सांगे. हा अमक्या मोहाचा उतार, हे अस्वल बसायचे ते वळण, हा उन्हाळ्यातही न आटणारा डोह. माझ्या नकाशात त्या साऱ्या वाटेवर हिरवा रंग होता आणि मधून एक निळी रेघ. देशाच्या मोजणीचे प्रचंड काम उभारणारा लॅम्बटन साहेब १८२३ साली आमच्या शेजारच्या हिंगणघाटला वारला. त्याच्या आणि त्याच्यामागून आलेल्यांच्या कष्टांपुढे मी नेहमीच हात जोडले आहेत. पण त्या दिवशी माझा नकाशा पिशवीतच राहिला आणि मी त्या गृहस्थाच्या टाचांकडे पाहत चालत राहिलो. पुढे त्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा वर्तमानपत्र वाचताना मला ती वाट आठवली होती. आपल्या जंगलाची खडान्‌खडा माहिती असल्याशिवाय असा हक्क कोणी मागू धजत नाही.

नातवाला मी ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग त्यांना कॉलआउट येत होते, आजोबा." कोपऱ्यांच्या नावांना खेळात असे म्हणतात. मी म्हणालो, "हो, येत होते. मास्तरला येत नव्हते."

आमचे सख्य झाले ते त्या दिवसापासून. मग तो मला इतर गावे दाखवू लागला. व्हॅलोरंट नावाचा असाच दुसरा खेळ आहे, त्यात जानेवारी २०२३ मध्ये लोटस नावाची भूमी आली. ती आपल्या पश्चिम घाटात कल्पिलेली आहे. पडके दगडी मंदिर, फिरती शिळाद्वारे, आणि दार फिरवले की त्याचा आवाज शत्रूला ऐकू जातो. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये इंडस नावाचा खेळ आणला, त्यातल्या भूमीचे नाव विरलोक. हे पाहून मी म्हणालो, "सह्याद्रीवाल्यांचे झाले, पुण्यावाल्यांचे झाले. आपल्या चांद्याचे काय?"

पोरगा हसला. "आपल्याकडे काय आहे, आजोबा?"

एवढे ऐकल्यावर मास्तर गप्प बसतो काय! पुढच्या रविवारी सकाळी सहाला मी त्याला उठवून तटावर नेले. आमचे हे शहर तटाच्या आत वसलेले आहे. गोंडराजा खांडक्या बल्लाळशहाने पंधराव्या शतकात त्याचा पाया घातला असे सांगतात. तटाचा घेर सुमारे ११ किलोमीटर. २०१७ साली इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी त्यावरची झाडेझुडपे काढायला घेतली, म्हणून तर माझ्यासारख्या म्हाताऱ्याला आता बुरुजावर पाय ठेवता येतो. चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा. पाच खिडक्या: चोर, विठोबा, हनुमान, मसाण आणि बगड. याच दरवाजांतून तो रोज सायकलने शाळेत जातो, पण त्यांच्याकडे त्याने चढाई करणाऱ्याच्या नजरेने कधी पाहिले नव्हते.

त्याचे डोळे लकाकले. तो पावले मोजू लागला. जटपुऱ्यापासून बिनब्यापर्यंत धावायला किती वेळ? खिडकीतून एका वेळी किती माणसे? बुरुजावरच्या माणसाला खालचे वळण दिसते का? मी आयुष्यात इतके प्रश्न एका वर्गात ऐकले नव्हते. शेवटी त्याने निकाल दिला, "आजोबा, हा मॅप राखणाऱ्यांच्या बाजूचा आहे. बाहेरच्याला चान्सच नाही."

"तरी १८१८ च्या मे महिन्यात पडला," मी म्हणालो. "कर्नल ॲडम्सची इंग्रज फौज आली. त्यांनी दरवाजे मोजलेच नाहीत. तोफा लावून तटालाच भगदाड पाडले आणि तिथून आत शिरले."

तो थोडा वेळ तटाच्या दगडांवरून हात फिरवीत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनी मॅपच बदलला."

चांद्याच्या पाडावाचे इतके नेमके वर्णन मी वर्गात कधी केले नव्हते. त्या दिवसापासून एका शंभरपानी वहीत आमचा किल्ला तयार होऊ लागला.

श्रावणात पाऊस लागला. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की गाव जगापासून तुटते. त्या आठवड्यात ते तुटले. मुलाचा रोज रात्री नऊला येणारा फोन आला नाही. पहिल्या दिवशी आम्ही म्हणालो, पाऊस आहे. दुसऱ्या दिवशी कोणी काहीच म्हणाले नाही.

दुसऱ्या रात्री साडेअकराच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो, तर नातवाच्या खोलीत उजेड. नियम मोडला म्हणून मला राग आला आणि मी दार ढकलले. कानांवर डबे नव्हते. पडद्यावर तेच पिवळे गाव होते, पण त्यात चिटपाखरू नव्हते. तो एकटाच गल्ल्यांतून सावकाश चालत होता. सराव म्हणून तसे रिकाम्या गावात फिरता येते. हातातला फोन त्याने मांडीवर पालथा ठेवला होता.

"झोप येत नाही?" मी विचारले.

तो म्हणाला, "आजोबा, पप्पांच्या मॅपमध्ये कोणकोणती नावं आहेत?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. एकोणीस वर्षे मी त्या मुलखात मास्तरकी केली, पण मुलाची चौकी ज्या पट्ट्यात आहे तेथला एक नालासुद्धा मला नावाने ठाऊक नव्हता. मी माळ्यावरून जुना नकाशा काढला. १९८२ साली गडचिरोली वेगळा होण्यापूर्वीचा, अख्ख्या चांदा जिल्ह्याचा. घडीवर फाटलेला. आम्ही तो जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार पुस्तके ठेवली. मी नद्यांवरून बोट फिरवू लागलो. ही वैनगंगा, ही वर्धा, हा चपराळ्याजवळचा संगम, येथून प्राणहिता. ही आलापल्ली, येथून जंगलाचा रस्ता. ही पर्लकोटा, ही पामुलगौतमी, ही इंद्रावती.

"पाणी उतरायला किती वेळ लागेल?" त्याने विचारले.

"पाऊस थांबला की एकदोन दिवस."

त्याने ते मनात नोंदवले. त्या रात्री तो त्या नकाशाशेजारीच सतरंजीवर झोपला. आमची ही पहाटे उठली तेव्हा मीही तेथेच, भिंतीला टेकून बसलेला होतो. तिने दोघांवर पांघरूण घातले आणि काही विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मनोरा बंद पडला होता, बाकी सगळे ठीक. सूनबाई बोलता बोलता रडली. नातवाने फोन घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "पप्पा, तुमच्या मागे जो नाला आहे त्याचं नाव काय?"

गेल्या दिवाळीच्या थोडे दिवस आधी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, गडचिरोलीत एकाच दिवशी साठांवर नक्षलवाद्यांनी शस्त्रे खाली ठेवली. त्या दिवाळीला मुलगा घरी आला. भाऊबीज उलटून गेली होती, पण आमची दिवाळी तो आला त्या दिवशी झाली. फराळाची ताटली हातात असतानाच नातवाने त्याला वही दाखवली, मग डस्ट टू दाखवले. दोन्ही संघ एकाच वेळी कसे पोचतात, मध्यंतरानंतर बाजू कशा बदलतात, सगळे सांगितले.

मुलगा लक्ष देऊन पाहत होता. करंजी हातातच राहिली. मग म्हणाला, "चांगलं आहे रे. दोघांनाही सारखा वेळ. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे जो आधीच बसलेला असतो त्याचंच पहिलं. आम्ही बसलेलो असलो तर आमचं, ते बसलेले असले तर त्यांचं."

"आणि मध्यंतर?" नातवाने विचारले.

मुलाने माझ्याकडे पाहिले. "मध्यंतर नाही. बाबा, तुम्हांला आठवतं का, एटापल्लीला माझ्या बाकावर दोघं बसायचे? एक आज आमच्यात आहे. दुसरा पंधरा वर्षं पलीकडे होता. दोघांनाही नकाशा तुम्हीच शिकवला."

मला ती पोरे आठवली. चेहरे आठवले. मी शिकवलेल्यांपैकी कोण कोणत्या बाजूला गेला याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता, मांडायचे धैर्य झाले नव्हते. छडीने मी त्या दोघांनाही एकाच संगमावर बोट ठेवायला लावले होते. बाजू बदलून पाहायला मात्र मी कधी कोणाला सांगितले नाही. ते भूगोलाच्या पुस्तकात नव्हते.

"आता तो दुसरा कुठे आहे?" मी विचारले.

"परत आला. गावी आहे. धान लावतो." मुलाने करंजी खाल्ली आणि नातवाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "चल, दाखव तुझा किल्ला. मसाण खिडकीवर कोण बसतो?"

दोघे बापलेक पुढचा तासभर चांदा लढवीत बसले. एकदा बाप तटावर, मुलगा बाहेर. मग मुलाने वही उलटी फिरवली आणि म्हणाला, "हाफ झाला, पप्पा. आता तुम्ही बाहेर." स्वयंपाकघरातला नळ त्या संध्याकाळी बंद होता. सूनबाई दारात उभी राहून पाहत होती.

तो जुना नकाशा आता दिवाणखान्याच्या भिंतीवर आहे. फाटलेल्या घडीवर मी मागून कापड लावले आहे. रात्री नऊला फोन आला की नातू बापाला एक नाव विचारतो, फक्त एक. कधी नाल्याचे, कधी टेकडीचे, कधी एखाद्या जुन्या झाडाचे. जी सांगण्यासारखी असतात तेवढीच बाप सांगतो. नातू ते नाव हलक्या हाताने पेन्सिलीने नकाशावर लिहितो. जेथे पूर्वी नुसता हिरवा रंग होता तेथे आता बरीच गर्दी झाली आहे, आणि ती नावे मीही पाठ करतो आहे.

वार्षिक परीक्षेत त्याने संगम बरोबर दाखवला. उत्तरपत्रिका घरी आली तेव्हा पाहिले, तर प्राणहितेच्या काठाने त्याने बारीक अक्षरांत तीनचार जादा नावे भरली होती. ती छापील नकाशात नाहीत, म्हणून तपासणाऱ्याने त्यांवर तांबडी काट मारली होती. त्याच्या जागी मी असतो तर मीही मारली असती. नातवाची काहीच तक्रार नव्हती. घड्याळात नऊ वाजायला आले होते आणि तो फोनपाशी पेन्सिल घेऊन बसला होता.